हर्क्युलीसवर रेक्स: फुकट मिळालं, पण तीन संध्याकाळी खाल्ल्या

रिव्ह्यू मी सहसा पोह्याच्या दुकानांचे लिहितो, इंदूरच्या छप्पन दुकानवरच्या किंवा सराफ्यातल्या, त्यामुळे हा जरा वेगळा पडेल. वस्तू आहे ब्रेक्स/३७०, म्हणजे रेक्स या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर, तिच्यात लिहिलेलं वाचून चालवणारा, तो बसवायचा एमव्हीएस ३.८जे नावाच्या आयबीएमच्या १९८१ सालच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, आणि ती सिस्टीम चालवायची घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलीस नावाच्या एम्युलेटरमध्ये. सगळं मिळून खर्च शून्य रुपये. वेळ विचाराल तर तीन संध्याकाळी, त्यातल्या दोन माझ्या मूर्खपणात गेल्या, आणि तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं कोण काय आहे ते. हर्क्युलीस रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये बाहेर आणलं, ते तुमच्या साध्या पीसीला आयबीएमचा मेनफ्रेम, म्हणजे कंपन्यांचा खोलीभर मोठा संगणक, असल्याचं सोंग आणायला लावतं, प्रोसेसर, डिस्क, कार्ड रीडर, प्रिंटर सगळं सॉफ्टवेअरमध्ये. मेनफ्रेमची आजची सिस्टीम झेड/ओएस, ती त्यावर चालवायला आयबीएमचं लायसन लागतं आणि ते तुम्हा-आम्हाला मिळत नाही, पण जुनं एमव्हीएस ३.८जे मोकळं आहे म्हणून हौशी लोक त्याच्यावरच खेळतात. ते कोऱ्या टेपवरून उभं करणं म्हणजे घर बांधण्यासारखं काम, ते टाळायला युर्गेन विंकेलमान यांनी टीके४- नावाचा तयार संच करून ठेवलाय, उच्चार टीके फोर मायनस. झिप उघडा, एक स्क्रिप्ट चालवा, सिस्टीम उभी. यात कोबॉल, फोरट्रान, पीएल/वन, अल्गोल, असेंब्लर सगळं आहे, नाही ते रेक्स, कारण माइक काउलिशॉ यांनी १९७९ मध्ये आयबीएमात रेक्स लिहायला घेतलं ते व्हीएम या त्यांच्याच दुसऱ्या सिस्टीमसाठी, एमव्हीएसवर ते बऱ्याच नंतर आलं. ती पोकळी ब्रेक्स भरून काढतं. मूळ ब्रेक्स सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या वासिलिस व्लाखूदिस यांचं, सी भाषेत लिहिलेलं, त्याचं मेनफ्रेमचं रूप नंतर दुसऱ्या हौशी मंडळींनी केलं.

आता माझ्याकडे हे आलं कुठून. मी पुण्यात बारा वर्षं मेनफ्रेमवर काम केलं, मग आई-बाबांसाठी इंदूरला परत आलो, इथे त्या कामाला कोणी विचारत नाही. पण रामबागेत आमचे काका राहतात, वय ७६, मुंबईत एका कंपनीच्या ईडीपी खात्यात, म्हणजे संगणक विभागात होते, तेव्हा त्याला ईडीपीच म्हणायचे. १९७८ साली आयबीएम भारतातून गेली, मशीन तिथेच राहिलं आणि देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली, हा किस्सा काका दर दिवाळीला सांगतात. त्यांना म्हटलं, काका, तुमचं मशीन माझ्या पिशवीत आहे. ते म्हणाले, "चेष्टा करू नकोस, त्या मशीनच्या एसीला वेगळी खोली होती."

पहिली संध्याकाळ. सिस्टीम उभी झाली, एचईआरसी०१ ने लॉगऑन केलं, पासवर्ड सीयूएल८टीआर, वाचून बघा, सी यू लेटर. हिरवा स्क्रीन आला तसे काका खुर्ची पुढे ओढून बसले. ब्रेक्सची झिप उघडली, आत मेनफ्रेमच्या ट्रान्समिट फॉरमॅटची एक फाइल आणि वाचायला माहितीपत्रक. काम असं की ती फाइल ३२७० टर्मिनलच्या, म्हणजे त्या हिरव्या स्क्रीनच्या, फाइल ट्रान्सफरने वर चढवायची, ८० बाइटच्या रेकॉर्डच्या डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवर फाइलला डेटासेट म्हणतात), मग आरईसीव्ही३७० नावाच्या प्रोग्रामने ती उलगडायची. आत पुडीत पुडी असते, उलगडली की त्यातून इन्स्टॉलचे जॉब निघतात, ते सबमिट केले की झालं. माहितीपत्रकात हे सगळं स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं नाही. बारा वर्षांचा अनुभव ना.

फाइल चढली, जॉब टाकला, आरईसीव्ही३७० ने तोंड फिरवलं. परत चढवली, परत तेच. डेटासेट पुसून नव्याने केला, ब्लॉकसाइज ३१२० दिली, झिप नव्याने उतरवली, हर्क्युलीस बंद करून चालू केलं, आणि मधे लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर परत चढवली. रात्री साडेदहाला काका गप्पच बसून होते, काकूंनी दोनदा जेवायला बोलावलं होतं. मी चिडून डेटासेट हेक्समध्ये उघडला आणि लॅपटॉपवरची मूळ फाइल शेजारच्या खिडकीत. मूळ फाइलच्या सुरुवातीलाच सी९ डी५ डी४ डी९ एफ० एफ१. मला त्यात आकड्यांशिवाय काही दिसेना. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने मोजत म्हणाले, "आय, एन, एम, आर, शून्य, एक." चाळीस वर्षांनी! एबसिडिकमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या मेनफ्रेमच्या पद्धतीत, ए म्हणजे सी१, तिथून नऊ अक्षरं आयपर्यंत, आय सी९, मग जे थेट डी१ वर उडी मारतो, हे त्यांच्या डोक्यात पाढ्यासारखं बसलेलं. मग त्यांनी दुसऱ्या खिडकीकडे बघितलं. "इथे सी९ कुठाय? हे कोणीतरी अक्षर बदलून ठेवलंय."

तेच तर. ट्रान्सफरच्या खिडकीत आस्की (पीसीची अक्षरं लिहायची पद्धत) आणि बायनरी (बाइट आहेत तसेच) असे दोन पर्याय असतात, आणि एक्स३२७० या टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये न विचारता आस्की निवडलेलं असतं. म्हणजे टर्मिनल समजतं की तुम्ही पीसीवरचं पत्र चढवताय, आणि वाटेत प्रत्येक बाइटचं आस्कीतून एबसिडिकमध्ये भाषांतर करतं. पण फाइल आधीच एबसिडिक होती, तिचं परत भाषांतर झालं की चिवडा. एक गोल बटण, बायनरीवर टिचकी, बस्स. भिया, दोन तास गेले त्या एका बटणापायी. माझं म्हणणं असं की या संचाच्या माहितीपत्रकात हे पहिल्या ओळीत, लाल अक्षरात, चौकट करून हवं होतं. आहे ते एका ओळीत, मधे कुठेतरी, आणि माझ्यासारखे शहाणे ते वाचत नाहीत. अर्धा स्टार त्यासाठी कापतो, अर्धा माझा मला कापायला पाहिजे.

दुसऱ्या संध्याकाळी फाइल नीट उलगडली, आणि मी परत शहाणपणा केला. दिलेला जॉब चालवायच्याऐवजी स्वतःचा लिहिला, आउटपुटला जागा दिली पण वाढीव ट्रॅक दिले नाहीत. एसडी३७. पहिली जागा भरली आणि दुसरी मागितलेलीच नाही, याचा तो कोड. हा मात्र मला बघताक्षणी कळला, पुण्यात रात्रीच्या शिफ्टला हाच आठवड्यातून एकदा यायचा. वाढीव जागा दिली, कंडिशन कोड शून्य आला, चार शून्यं ओळीने बघून काकांनी टाळी वाजवली. त्यांना टर्मिनलवर जॉब टाकून त्याच मिनिटाला निकाल मिळतो हेच पचत नव्हतं, त्यांच्या वेळी कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी लिस्टिंग घ्यायला जायचं, एक स्वल्पविराम चुकला की दिवस गेला. आणि ८० कॉलमांपैकी ७३ ते ८० मध्ये क्रमांक पंच करायचे ते यासाठी, की गठ्ठा हातातून पडला तर सॉर्टरमधून काढून परत लावता यावा. त्यांचा एकदा जिन्यात पडला होता, क्रमांक न घातलेला.

इन्स्टॉलचे दोन प्रकार आहेत, साधा आणि ऑथोराइज्ड, म्हणजे ज्यात सिस्टीमचे खास अधिकार मिळतात. घरच्या मशीनवर मी ऑथोराइज्ड घेतला, ऑफिसच्या मशीनवर असता तर हिंमत केली नसती. जॉब सुरळीत गेला. टीएसओत, म्हणजे टर्मिनलवर हुकूम द्यायच्या जागी, ब्रेक्स चालवायचा आरएक्स टाइप केला, एंटर, आणि अबेंड, म्हणजे प्रोग्राम मधेच कोसळला, कोड एस१०६. सिस्टीमची जी लायब्ररी आहे, जिच्यात ब्रेक्स जाऊन बसलं, ती भरून नव्या तुकड्यात वाढली होती, आणि एमव्हीएस अशा लायब्रऱ्यांचा नकाशा सुरू होताना एकदाच काढतं, नंतर वाढलेला तुकडा त्याला दिसत नाही. उपाय एकच, सिस्टीम नव्याने सुरू करणं, त्याला मेनफ्रेमवाले आयपीएल म्हणतात. मी म्हटलं, काका, आयपीएल करावं लागेल. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती संपली ना रे परवाच?" 

आयपीएल केलं. तिसऱ्या संध्याकाळी आरएक्स चाललं.

आता खरा रिव्ह्यू, म्हणजे बसल्यानंतर वस्तू कशी आहे. झकास आहे. १६ मेगाबाइटच्या ॲड्रेसमध्ये, कारण ते २४ बिटांचं मशीन, एवढं सगळं बसवलंय हेच मोठं. पार्स, स्टेम व्हेरिएबल, इंटरप्रिट, रेक्सची ही सगळी हत्यारं आहेत, डेटासेट वाचायला एक्झेकआयओ आहे, वर फुल स्क्रीन फॉर्म करायच्या फंक्शन आहेत आणि टीसीपीने बाहेर बोलायच्याही, ज्या त्या काळी कोणाच्या स्वप्नात नव्हत्या. पुण्यात झेड/ओएसवर लिहिलेल्या माझ्या जुन्या छोट्या स्क्रिप्टपैकी बहुतेक थोड्या फेरफाराने चालल्या, एक चाललीच नाही कारण ती आयएसपीएफ या झेड/ओएसवरच्या मेनू-स्क्रीनच्या सॉफ्टवेअरवर लटकलेली होती, तो दोष ब्रेक्सचा नाही. वेग विचारू नका, लॅपटॉपवर तरी मला कमी पडला नाही.

काकांसाठी पहिला प्रोग्राम एका ओळीचा लिहिला, जेच्या कोडमधून आयचा कोड वजा करून दाखव. उत्तर ८. लॅपटॉपच्या लिनक्सवर तेच करून बघितलं तर १. काकांना गंमत वाटली, मला वाटली नाही, कारण पुण्यात हेच नडलं होतं. तिथे आम्ही झेड/ओएसवर सोर्समधून पर्ल ही भाषा बिल्ड करायला बसलो होतो, त्याला आधीच ठरवावं लागतं की पर्ल आस्कीचं बांधायचं का एबसिडिकचं, दोन्ही हवी तर दोनदा बांधा. आम्ही एबसिडिक निवडलं, आणि मग टीममधल्या कोणाच्या तरी जुन्या सी प्रोग्रामने लहान ए ते झेडमधलं काहीही ते अक्षर अशी तपासणी केली होती, तिच्यात आय आणि जेच्या मधल्या खड्ड्यातली नको ती चिन्हं पण अक्षर म्हणून पास झाली. सॉर्टही उलटा, तिथे आधी लहान लिपी, मग मोठी, आकडे सगळ्यात शेवटी. ग्राहकाची यादी उलटी छापली गेली, आणि मॅनेजर म्हणाला डेटा खराब आहे. तर ज्यांना पुढे कधी खऱ्या मेनफ्रेमवर कुठलीही भाषा बसवायची वेळ येणार आहे त्यांनी हे दुखणं घरीच, फुकटात काढून घ्यावं, इथे चिडणारा मॅनेजर नसतो.

तक्रारी आहेत. नावं आठ अक्षरांची, मेंबरचं, म्हणजे डेटासेटमधल्या एकेका प्रोग्रामचं, नाव आठात बसवताना मराठी माणसाचं जेवढं डोकं चालतं तेवढं चालवावं लागतं, माझ्या हिशोबाच्या प्रोग्रामचं नाव हिशबकाक झालंय. चूक झाल्याचे मेसेज तुटक येतात. मदत मिळते पण मदत करणारे सगळे जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. आणि हो, हर्क्युलीस नीट न थांबवता लॅपटॉपचं झाकण बंद करू नका, काम करताना डिस्कची फाइल अर्धवट राहिली की आधीचा दिवस गेला समजा, मी आता रोज रात्री डिस्कचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकतो.

ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी एमव्हीएस सीई हा दुसरा तयार संच बघावा, त्यात ब्रेक्स आधीच घालून मिळतं. मी जुनं टीके४- मुद्दाम घेतलं, काकांना इन्स्टॉल होताना बघायचं होतं म्हणून. साडेचार स्टार.

परवा पोहे खाताना काकांनी विचारलं, फोरट्रान कुठलं आहे रे त्यात, जी का एच? दोन्ही आहे म्हटलं. जलेबी तशीच ठेवून ते म्हणाले, एच आहे होय, मग रविवारी ये, माझ्याकडे माळ्यावर एक वही आहे.