दहावीच्या 'उष्णता' धड्यासाठी घेतलेलं किट, दोन वर्षं वापरून लिहितेय

मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दहावी विज्ञान भाग १ मधला पाचवा धडा, उष्णता, त्यात विशिष्ट उष्माधारकता येते, म्हणजे एक ग्रॅम पदार्थाचं तापमान एक अंशाने वाढवायला किती कॅलरी उष्णता लागते ते, आणि बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीय, फळ्यावर सूत्र लिहायचं, दोन गणितं सोडवायची आणि पुढे जायचं. मला हे यंदा तरी करायचं नाही असं ठरवून दोन वर्षांपूर्वी हे किट ऑनलाइन मागवलं, साधारण अठ्ठावीसशे रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशी किट सगळीकडे जवळजवळ सारखीच मिळतात, काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं.

आत काय येतं: तांब्याचा कॅलरीमापी (उष्णतेची देवाणघेवाण मोजायचं भांडं), ढवळणी, त्याला बाहेरून नमदा लावलेली लाकडी पेटी, दोन थर्मामीटर, हुक असलेले लोखंड, तांबं आणि शिसं यांचे तीन गोळे आणि मेणाची एक जाड वडी. मेणाची वडी प्रवासातच तुटून आली, ते एवढं मनावर घेऊ नका, मेणबत्त्या वितळवून स्टीलच्या ताटलीत ओतल्या की नवी होते.

कॅलरीमापी खरंच चांगला आहे. पत्रा जाड, झाकण घट्ट बसतं, वजन ८० ग्रॅम, दोन वर्षांत एकदाही गळला नाही. नमद्यामुळे पाणी लवकर निवत नाही, मुलांना वाचन घ्यायला निवांत वेळ मिळतो. यासाठी पूर्ण मार्क.

आता गोळ्यांबद्दल. पुस्तकात सरळ लिहिलंय की तिन्ही गोळे समान वस्तुमानाचे हवेत, उकळत्या पाण्यातून काढून एकदम मेणावर ठेवायचे, ज्यात उष्णता जास्त तो जास्त मेण वितळवतो, मग लोखंड सगळ्यात खोल जातं, तांबं त्याहून कमी आणि शिसं सगळ्यात कमी. किटच्या जाहिरातीतही 'समान वस्तुमानाचे गोळे' असंच लिहिलं होतं. खिचडीच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, गोळे दोऱ्याला बांधून दहा मिनिटं उकळले, मेणावर ठेवले, आणि लोखंड अन् तांबं अगदी बरोबरीने खाली गेले. शिसं वरच राहिलं ते ठीक, पण बाकीच्या दोघांत फरकच दिसेना. परत केलं, तेच. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नाही ती म्हणाली, "मॅडम, पुस्तक चुकलंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरून डिजिटल वजनकाटा नेला आणि तिलाच वजन करायला लावलं. लोखंड ६४ ग्रॅम, तांबं ७३, शिसं ९३. म्हणजे गोळे समान वस्तुमानाचे नव्हतेच, समान आकाराचे होते, तिन्ही २५ मिलीमीटर व्यासाचे. मग तिला म्हटलं आता प्रत्येक वजनाला त्या त्या धातूच्या विशिष्ट उष्माधारकतेने गुण. लोखंडाचं ६४ गुणिले ०.११० म्हणजे ७.०, तांब्याचं ७३ गुणिले ०.०९५ म्हणजे ६.९, आणि शिशाचं ९३ गुणिले ०.०३१ म्हणजे २.९. फळ्यावर ७.० आणि ६.९ एकाखाली एक आल्यावर वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. पुस्तक बरोबर होतं आणि मेणही बरोबर होतं. वस्तू किती उष्णता साठवते ते फक्त धातूवर नाही तर वस्तुमानावरही ठरतं, हे त्या वर्गाला त्यानंतर कधी समजावून सांगावं लागलं नाही.

पण हे मी वजन केलं म्हणून. ज्या शाळेत वजन होणार नाही तिथे मुलं 'लोखंड आणि तांबं सारखंच' असं डोक्यात घेऊन घरी जातील, हे मला फार टोचतं. विक्रेत्याला फोन केला तर "मॅडम, सगळ्या शाळा हेच नेतात" एवढंच उत्तर, बदलून काही दिलं नाही.

मी शेवटी लेथवाल्याकडून एकाच जाडीच्या सळईचे, २० मिलीमीटर व्यासाचे तीन तुकडे कापून घेतले, ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, प्रत्येकी ६० ग्रॅम. ॲल्युमिनियमचा तुकडा सात सेंटिमीटर लांब, लोखंडाचा अडीचला जरा कमी, तांब्याचा दोनला जरा जास्त. मेणावर उभे ठेवायचे, बूड सगळ्यांचं सारखं आणि वजनही सारखं, त्यामुळे तुलना गोळ्यांपेक्षा सरळ होते, आणि 'हलकं' ॲल्युमिनियम सगळ्यात खोल जाताना बघून मुलांचे डोळे मोठे होतात.

थर्मामीटर ही दुसरी कमजोर बाजू. दोन्हीवर १ अंशाच्या खुणा. आमचं गाव उंचावर असल्यामुळे पाणी ९८ लाच उकळतं. लोखंडाचा ६४ ग्रॅमचा गोळा त्यातून काढून कॅलरीमापीतल्या २७ अंशाच्या १५० ग्रॅम पाण्यात टाकला की तापमान जेमतेम ३ अंश वाढतं, आणि त्या वाढीवरून लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता काढायची. एका गटाने ३ वाचलं, त्यांचं उत्तर ०.१०९ आलं, दुसऱ्याने ४ वाचलं तर ०.१४७! मुलं म्हणतात आमचं चुकलं, पण चूक त्यांची नाही, एवढ्या छोट्या वाढीला त्या खुणा पुरतच नाहीत. दोन उपाय केले. पाणी निम्मं, म्हणजे ७५ ग्रॅम घेतलं (गोळा नीट बुडतो), आणि ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वेगळा घेतला. वाढ ५.४ आली आणि उत्तर ०.१०६. पुस्तकातल्या ०.११० च्या इतकं जवळ शाळेच्या खोलीत येणं म्हणजे खूप झालं.

अजून एक, गोळा पातेल्यातून काढल्यावर झटकून मगच कॅलरीमापीत सोडा. त्याला चिकटून एक ग्रॅम उकळतं पाणी आलं तरी ते जवळपास ६५ कॅलरी घेऊन येतं आणि अख्खा गोळा देतो साधारण ४५०, म्हणजे सातवा हिस्सा फुकटचा. मात्र झटकण्यात वेळ घालवू नका, हवेत गोळा निवतो. उकळत्या पातेल्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका, ते काम मी स्वतःच करते. आणि शिशाचा गोळा हाताळला की बोटं काळसर होतात, साबणाने हात धुतल्याशिवाय कुणाला डब्याकडे जाऊ देत नाही. लोखंडी गोळा ओला ठेवला तर आठवड्यात गंजतो, पुसून खोबरेल लावून ठेवा.

पाचपैकी साडेतीन. कॅलरीमापी आणि पेटीसाठी घ्यायला हरकत नाही, पण पार्सल उघडलं की आधी गोळे काट्यावर ठेवा, आणि वजन वेगवेगळं निघालं तर परत पाठवण्याआधी एक तास वर्गात न्या. ती मुलगी आता अकरावी सायन्सला आहे, परवा बाजारात भेटली तर विचारत होती, मॅडम ते गोळे अजून आहेत ना?