लेफ्टफील्ड: ‘लेफ्टिझम’ की ‘रिदम अँड स्टेल्थ’?

लेफ्टफील्ड, म्हणजे लंडनच्या नील बार्न्स आणि पॉल डेली या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीचा पहिला अल्बम ‘लेफ्टिझम’ 1995 चा, दुसरा ‘रिदम अँड स्टेल्थ’ थेट 1999 चा. मधल्या चार वर्षांत चाहते अक्षरशः डोळ्यांत प्राण आणून बसले होते.

‘लेफ्टिझम’ मोकळा, उबदार. ‘रिलीज द प्रेशर’मध्ये अर्ल सिक्स्टीनचा रेगे गळा येतो आणि सगळं हलकं होतं. पंक गायक जॉन लायडनने गायलेला ‘ओपन अप’ तेवढा अंगावर येतो.

‘रिदम अँड स्टेल्थ’मध्ये ही ऊब जवळजवळ नाहीच. ‘फॅट प्लॅनेट’ ऐका: आधी फक्त धपधपणारा, खरबरीत बेस. तो बराच वेळ तसाच रेटला जातो, सूर असा हाती लागतच नाही, आणि छातीवर दाब वाढत जातो. गिनेस बिअरच्या, लाटांतून घोडे उसळणाऱ्या कृष्णधवल जाहिरातीत हाच ट्रॅक होता. ‘डस्टेड’मध्ये रॅपर रूट्स मनुव्हाचा जड आवाज त्या अंधारात चपखल बसतो.

दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तरी नवख्याला मी ‘लेफ्टिझम’च देईन. स्वतःसाठी मात्र दुसराच. चांगले हेडफोन हवेत, मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा अर्धा जीव जातो.