अंटार्क्टिकाचा हंपबॅक देवमासा आणि अरबी समुद्राचा

अंटार्क्टिकाजवळ उन्हाळाभर क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन चरबी साठवणारे हंपबॅक देवमासे हजारो किलोमीटर पोहून ऑस्ट्रेलियाच्या उबदार किनाऱ्यांकडे येतात आणि दक्षिणेकडच्या हिवाळ्यात तिथे वितात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ही वारी करतच नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर मासळी पोसते, आणि अन्न व वीण या दोन्ही गरजा याच समुद्रात भागतात. त्यांची वीण उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राप्रमाणे चालते, हे १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या लांबीवरून पुढे सिद्ध झाले. ते वाचताना जीव कळवळतो. ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी २०१७ साली अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली, म्हणून या मोजक्या उरलेल्या देवमाशांना जाळ्यांपासून जपण्याची जबाबदारी आपल्यावरही येते.