स्क्रायबसवर वार्षिकांक : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातील छापखान्यातून आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे पहिले प्रूफ आले. वसतिगृहावरच्या लेखात ‘आचाऱ्यांच्या हातची भाकरी’ असे हवे होते, तिथे ‘आचार्यांच्या हातची भाकरी’ असे दिसले आणि माझे पुढचे वाचन तिथेच थांबले. छापखान्याच्या मालकांनी शांतपणे सांगितले, “फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये असंच होते, बेटा.” सात महिने स्क्रायबस या ज्या मोफत सॉफ्टवेअरवर मी पानमांडणी शिकले, त्याच्यावर हा दोष येणे मला मुळीच मान्य नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मात्र माझेही मत मालकांसारखेच होते. महाविद्यालयाच्या संगणकावर 1.4 मालिकेतील जुनी आवृत्ती होती आणि तिच्यात देवनागरीची जोडणीच, म्हणजे जोडाक्षरे व मात्रा जागेवर बसणे, होत नसे. ‘किती’ लिहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसे. पहिले दोन आठवडे मी हे आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून फाँट बदलत राहिले. नंतर कळले की अरबी, देवनागरी यांसारख्या लिप्यांची नीट जोडणी 2017 मधील 1.5.3 या चाचणी आवृत्तीपासून आली, त्यामागे ओमानमधील प्रोग्रामरांचे मोठे काम होते आणि 2024 मध्ये 1.6 ही स्थिर आवृत्ती निघाली. अरबीसाठी कुणी तरी चिकाटीने केलेल्या कामामुळे नागपुरातला मराठी अंक उभा राहतो, याचा मला मनापासून आनंद वाटला. घरच्या लॅपटॉपवर 1.6 घेतल्यावर माझे मत पूर्ण बदलले. मात्र नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही, त्यामुळे सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती टाकेपर्यंत आमच्या गटाचे चार दिवस वाया गेले.

मास्टर पेज (सगळ्या पानांचा समान साचा), मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडणे, बेसलाइन ग्रिड (ओळी एका पातळीत ठेवणाऱ्या रेषा) या गोष्टी सरावाने येतात. परिच्छेदाच्या शैली, म्हणजे अक्षरांची सजावट एकदाच ठरवून सगळीकडे लावण्याची सोय, मात्र पहिल्याच दिवशी शिकाव्यात. मी आधीची 20 पृष्ठे हाताने सजवली आणि मग अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करण्याची वेळ आली, तेव्हा ती सगळी पुन्हा करावी लागली.

आता ‘ऱ्य’बद्दल. विद्यार्थ्यांचे लेख व्हॉट्सअॅपवर येत, आणि त्यांत ‘दुसर्या’, ‘वार्यावर’, ‘तर्हा’ अशी रूपे शेकड्यांनी असत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सामायिक संकेतप्रणालीत, ‘ऱ्य’मधला हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : एक, नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या र ला हलन्त जोडून त्यानंतर जोडणारे एक अदृश्य चिन्ह टाकून. दुसऱ्या रीतीतले ते चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळून पडले की उरतो तो रफार. ‘शोधा आणि बदला’ वापरून एका दमात सगळे दुरुस्त करता येत नाही, कारण सूर्य, कार्य, धैर्य यांतला रफार बरोबरच असतो आणि दर्या म्हणजे समुद्र, तर दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. म्हणून मी प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ वर थांबून वाक्य वाचले व योग्य तिथे पहिल्या रीतीने पुन्हा लिहिले. त्यात तीन रात्री गेल्या. मैत्रिणींना हे अति वाटले, पण मराठीत अंक काढायचा आणि मराठीलाच आपले अक्षर द्यायचे नाही, हे मला पटत नाही.

म्हणूनच प्रूफ पाहून मला इतका राग आला. मी दिलेल्या पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत होते आणि माझ्या संगणकावर ते पान निर्दोष दिसत होते. विचारपूस केल्यावर समजले की त्या पानावरील जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक बदलण्यासाठी तिथल्या कारागिरांनी ते पान चित्रांच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडले होते. तिथे मजकूर वेगळ्या फाँटने पुन्हा जुळवला गेला आणि नेमका तो लेख मी तपासायचा राहून गेल्यामुळे त्यात अदृश्य चिन्हाची रीत शिल्लक होती. अर्धी चूक माझी होती, हे मी तिथेच मान्य केले. मात्र न विचारता पान उघडणे मला मान्य नाही, हेही स्पष्ट सांगितले. त्यानंतर पीडीएफ काढताना फाँट विभागात सगळ्या अक्षरांच्या बाह्यरेषा करण्याचा पर्याय निवडला. अक्षरे चित्र बनतात, फाइल जड होते, पण कुणी उघडली तरी जोडाक्षर तुटत नाही.

रंगांचे थोडक्यात सांगते. पडद्यावर झळाळणारी मुखपृष्ठावरची संत्री चार शाईंच्या छपाईत फिकी पडणार, हे आधीच गृहीत धरावे. विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट हा पूरक प्रोग्राम वेगळा बसवला की मुद्रणाच्या पूर्वदृश्यात एकेक शाई बंद करून पाहता येते. त्यातूनच लक्षात आले की दुसरीकडून आणलेल्या दोन लेखांचा काळा मजकूर चारही शाईंत जात होता. तो तसाच छापला असता तर शाई किंचित सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा आल्या असत्या.

खर्चाचे म्हणाल, तर गेल्या वर्षी पानमांडणीसाठी प्रतिपृष्ठ 120 रुपये, म्हणजे 64 पृष्ठांचे 7680 रुपये दिले होते. ते यंदा वाचले आणि त्यांतून एका फर्म्याची (एकत्र छापल्या जाणाऱ्या मोठ्या कागदाची) एक बाजू, म्हणजे 8 पृष्ठे, रंगीत करता आली. त्यांवर नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीची छायाचित्रे आहेत.

दुसरे प्रूफ परवा आले. मी आधी वसतिगृहाचा लेख काढला आणि ‘आचाऱ्यांच्या’वर बोट ठेवून पाहिले, अर्धा र जागेवर होता. मग स्वाक्षरी केली.