लाल दिव्याचा स्वप्न-मास्क: तीन महिने वापरल्यावर

लहानपणापासून मला एकच स्वप्न पडतं. आजोळची विहीर, कठडा ढासळलेली बाजू, आणि माझा तोल जातो. पाण्याला टेकायच्या आत जाग येते. चाळिशी उलटली तरी हे सुटेना. ‘हे स्वप्न आहे’ असं स्वप्नातच कळलं तर भीती आटोक्यात येऊ शकते, असं वाचलं. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने डोळे डावी-उजवीकडे हलवून, आधी ठरवल्याप्रमाणे स्वप्नातून दिलेली खूण यंत्रावर टिपली होती. म्हणजे हे थोतांड नाही. साडेचार हजार मोजून मास्क मागवला.

ठळक स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात. तेव्हा बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. मास्कमधला सेन्सर ती हालचाल पकडतो आणि डोळ्यांसमोर लाल दिवा लुकलुकवतो. तो उजेड स्वप्नात शिरला की आपण ओळखायचा.

पहिला महिना नुसता गेला. मी कुशीवर झोपते, त्यामुळे मास्क सरकून दिवा भुवईवर. उजेड कमी ठेवला तर पत्ता लागत नाही, वाढवला की सरळ जाग. पट्टा कानामागे काचायचा, त्याला शेवटी जुन्या ब्लाउजचं अस्तर शिवलं. कंपनीला दोन ईमेल केले, उत्तर नाही.

खरा फरक पडला तो वहीने. जाग आली की कूससुद्धा न बदलता स्वप्न आठवायचं, मग लिहायचं. रेम झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून साडेचारचा गजर. दहा मिनिटं जागं राहून पुन्हा आडवं होताना मनाशी घोकायचं, ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल.’ घोकण्याची ही रीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वप्नांवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांची. दिवसा दिसेल ती पाटी दोनदा वाचायची, म्हणजे ती सवय स्वप्नातही उतरते आणि स्वप्न ओळखता येतं, कारण स्वप्नात अक्षरं बहुधा टिकत नाहीत. ज्यांची झोप आधीच मोडकी आहे त्यांनी मात्र हा पहाटेचा गजर लावू नये. मीही तो फक्त शनिवार-रविवारी लावते.

सहाव्या आठवड्यात मी स्वारगेटला एसटीच्या मागे उभी होते. गाडीत चिटपाखरू नाही, तरी मागचा लाल दिवा लुकलुकतोय. पाटी वाचली, कराड. नजर फिरवून पुन्हा वाचली, कडरा. तिसऱ्यांदा राकड. अगं, हा तर मास्क! इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली.

त्यानंतर चार वेळा जमलं, त्यातलं दोनदा मास्कशिवाय. म्हणून मास्कला पाचपैकी तीन तारे. पैसे जपून असतील तर आधी वही घ्या, दोन महिने नेटाने लिहा.

विहीर गेल्या रविवारी पहाटे आली. ढासळलेल्या बाजूला गेलेच नाही. पायऱ्यांनी खाली उतरले, शेवटच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं.