चतुर्थी नसलेला चंद्र

नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या मेलबर्नच्या आत्याने चंद्राचा दिवा ऑनलाइन मागवून अलिबागला पाठवला. जेवणाच्या ताटाएवढा, भिंतीवर खिळ्याला अडकवायचा, सोबत रिमोट. किंमत १,३४९ रुपये. डाग आणि खड्डे छान उठावदार आहेत, ससाही दिसतो. अंधारात पहिल्यांदा लावला तेव्हा मीसुद्धा "अगंबाई!" म्हटलं. तेवढ्यासाठी दोन तारे आत्ताच देऊन टाकते.

आता तक्रार. लग्नाआधीपासून मी संकष्टी करते. पोटात कावळे कोकलत असताना गच्चीवर उभं राहून पूर्वेकडे बघण्यात माझी किती वर्षं गेली, मलाच ठाऊक. तेव्हा चंद्राच्या बाबतीत मला फसवायचं नाही.

दिव्यात १२ कला आहेत. तिथी ३०, म्हणजे एकदा बटण दाबलं की अडीच तिथी उडी. अमावास्येपासून मोजत गेले तर चतुर्थी येतच नाही, ना विनायकी ना संकष्टी! दोन्ही दोन बटणांच्या मधे पडतात. बरं, ते सोडून देऊ.

ऑटोवर टाकला की कला आपोआप बदलतात. अमावास्येनंतर कोर उगवली ती डाव्या बाजूला. नातू म्हणाला, "आजी, पुस्तकात तर उजवीकडे आहे." बरोबरच आहे त्याचं. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला बुडालेला असतो, म्हणून शुक्ल पक्षात चंद्राची पश्चिमेकडची बाजू उजळते. दक्षिणेकडे तोंड केलं तर ती उजवी. मी लेकीला फोन लावला. तर म्हणे, "आई, इकडे डावीच असते!" तिकडे दक्षिण गोलार्धात अख्खा चंद्रच उलटा दिसतो. नातवाने लगेच दिवा खिळ्यावर उलटा टांगला. कोर उजवीकडे आली, पण ससा खाली डोकं वर पाय. म्हणजे सुलटा लावा की उलटा, हा चंद्र अलिबागलाही चालत नाही आणि मेलबर्नलाही.

सोबतच्या कागदाने तर कहर केलाय. "पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्राच्या कला दिसतात." अहो, ते ग्रहण! चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो (ग्रहणाची वेळ सोडा), त्यातला आपल्याकडे किती वळलाय तेवढी कला. हे समजायला १,३४९ रुपये लागत नाहीत. खोलीत एकच बल्ब ठेवला, पेन्सिलीला लिंबू खोचलं आणि नातवाला हात लांब करून जागच्या जागी गोल फिरायला लावलं. बल्बकडे तोंड असताना लिंबू काळं, बाजूला वळला की अर्धं, पाठ केली की पूर्ण. पाठ केल्यावर त्याच्याच डोक्याची सावली लिंबावर पडली, तेव्हा हात जरा वर धरायला सांगितला. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे ५ अंश तिरकी आहे, म्हणून तर दर पौर्णिमेला ग्रहण लागत नाही.

आमचे मामंजी घड्याळाला न विचारता भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर त्या हिशेबाने निघायचं. नातवाला हे दिव्यापेक्षा जास्त आवडलं. हल्ली तो भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून भरती काढतो, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं.

तरी दिवा परत पाठवला नाही, कारण त्याचं औषध नातवानेच शोधलं. रिमोटवर पुढे आणि मागे अशी दोन बटणं आहेत. अमावास्येवरून 'मागे' दाबत गेलं की कोर उजवीकडे येते, वाढत वाढत पौर्णिमा होते आणि मग उजवीकडून कमी होत जाऊन कोर डावीकडे उरते. ससाही सुलटा राहतो! म्हणून तिसरा तारा, तोही नातवाचा. कागद फेकून दिला, ऑटोच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि 'मागे'वर नेलपेंटचा लाल ठिपका.