क्लास गार्ड की फंक्शन गार्ड? अँग्युलरमधील इंजेक्शनच्या चुकांच्या बाजूने पाहिलेली तुलना

अँग्युलर या वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्याच्या फ्रेमवर्कमधील जुना प्रकल्प सांभाळणाऱ्यांपुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच की, राउट गार्ड (एखाद्या राउटवर, म्हणजे पानाच्या पत्त्यावर, जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणारे कोडचे तुकडे) क्लासच्या रूपात राहू द्यावेत की ते साध्या फंक्शनांमध्ये उतरवावेत. फंक्शन गार्ड २०२२ मध्ये १४.२ आवृत्तीबरोबर आले आणि १५.२ मध्ये राउटच्या व्याख्येत थेट क्लास देण्याची पद्धत कालबाह्य ठरवली गेली. तरीही जुने क्लास गार्ड चालतातच, त्यामुळे हा निर्णय निकडीपेक्षा सोयीचा अधिक आहे. मी दोन्ही पद्धतींनी काम केले असून येथे त्यांच्याकडे एकाच बाजूने पाहणार आहे: डिपेंडन्सी इंजेक्शनची (कोडच्या एका भागाला लागणारे दुसरे भाग अँग्युलरने पुरवण्याच्या पद्धतीची) चूक आली, तर ती कोठे सापडते आणि पुरती जाते की नाही.

‘नलइंजेक्टरएरर: नो प्रोव्हायडर फॉर ऑथगार्ड’, म्हणजे ऑथगार्ड कसा पुरवायचा याची नोंद (प्रोव्हायडर) सापडली नाही, हा संदेश वाचकांच्या परिचयाचा असेल. क्लास गार्ड हा स्वतःच इंजेक्टरकडून, म्हणजे नोंदींनुसार घटक पुरवणाऱ्या यंत्रणेकडून, मागवला जाणारा घटक असतो, आणि त्याची नोंदणी राहून गेली असेल तरी बिल्ड विनातक्रार पार पडतो. चूक दिसते ती कोणीतरी त्या राउटवर गेल्यानंतर कन्सोलमध्ये. गार्ड सापडला पण त्याला लागणारी सर्व्हिस (अनेक ठिकाणी वापरला जाणारा सामाईक घटक) सापडली नाही, तर संदेशातील बाणांच्या साखळीच्या शेवटी असलेले नाव पाहावे, कारण हरवलेला घटक तोच असतो. यावर ‘प्रोव्हाइडेडइन: रूट’ (घटकाची नोंद मुळाच्या, म्हणजे संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनच्या, इंजेक्टरमध्ये करणे) हा उपाय अँग्युलर ६ पासून उपलब्ध आहे आणि बहुतेक वेळा तो पुरतो, हे मान्य केलेच पाहिजे.

माझे मत फंक्शनच्या बाजूला फिरले ते या उपायामुळेच. आमच्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये अहवालांचा विभाग लेझी (गरज पडल्यावरच लोड होणाऱ्या) मॉड्यूलमध्ये होता आणि परवानग्या सांभाळणारी सर्व्हिस त्या मॉड्यूलच्या प्रोव्हायडर्समध्ये नोंदवलेली होती. आतील मंजुरीच्या पानावरचा गार्ड मात्र ‘रूट’ला नोंदवलेला क्लास होता. असा गार्ड वापरला जातो लेझी विभागात, पण तयार होतो मुळाच्या इंजेक्टरमध्ये, आणि त्यामुळे त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लास तयार होताना चालणाऱ्या भागात) मागितलेल्या सर्व्हिसही तेथेच शोधल्या जातात. मुळाला विभागाची सर्व्हिस दिसत नाही, म्हणून ‘नो प्रोव्हायडर’. येथवर सारे सरळ आहे. पुढे कोणीतरी त्या सर्व्हिसलाही ‘प्रोव्हाइडेडइन: रूट’ लावले, मॉड्यूलमधील जुनी नोंद तशीच राहिली, आणि कन्सोल स्वच्छ झाला.

परंतु आता सर्व्हिसच्या दोन प्रती झाल्या होत्या. विभागाच्या पहिल्या पानाने परवानग्या आणून आपल्या प्रतीत भरल्या, आणि गार्ड मुळाच्या रिकाम्या प्रतीला विचारत राहिला. परवानगी असलेला वापरकर्ता मंजुरीच्या दुव्यावर क्लिक करी आणि मुकाट्याने मुख्य पानावर परत येई. लॉगमध्ये काही नाही, कन्सोलमध्ये काही नाही, आणि गार्डच्या कोडमध्ये वाचून सापडेल असेही काही नाही. चूक कळवणारा संदेश निदान बोट तरी दाखवतो. येथे तो गप्प झाला आणि बिघाड तसाच राहिला. शेवटी मॉड्यूलमधील ती नोंद काढल्यावर प्रश्न सुटला, पण गार्ड, सर्व्हिस, मॉड्यूल आणि राउट या चार फाइली शेजारी उघडून पाहिल्याखेरीज तो कळण्यासारखा नव्हता.

फंक्शन गार्डमध्ये हा पेच निर्माण होण्याचे कारणच उरत नाही. फंक्शनची कोठेही नोंदणी नसते, त्यामुळे गार्डचाच प्रोव्हायडर हरवण्याची चूक संपते. आणि राउटर ते फंक्शन सर्वांत जवळच्या राउटच्या इंजेक्टरच्या संदर्भात चालवतो, म्हणून आत लिहिलेल्या ‘इंजेक्ट’ला (सर्व्हिस मागवणाऱ्या फंक्शनला) विभागाचीच प्रत मिळते. राउटला स्वतःचे प्रोव्हायडर्स दिले असतील तर तेही दिसतात.

याचा अर्थ फंक्शन गार्ड निर्दोष आहेत असा मुळीच नाही. त्यांची स्वतःची चूक म्हणजे एनजी०२०३, म्हणजेच ‘इंजेक्ट’ इंजेक्शनच्या संदर्भाबाहेर बोलावला गेल्याची तक्रार. गार्ड ‘असिंक’ (उत्तरासाठी मध्येच थांबू शकणारा) असेल आणि पहिल्या ‘अवेट’नंतर, म्हणजे अशा थांब्यानंतर, ‘इंजेक्ट’ लिहिला असेल, तर तोवर तो संदर्भ निघून गेलेला असतो. ती ओळ एखाद्या ‘इफ’च्या आत असेल तर चूक काहींनाच दिसते, आणि तपासणाऱ्याच्या खात्यावर नेमकी दिसत नाही. वापरकर्त्याच्या भूमिकेनुसार गार्ड बनवून देणारे फंक्शन लिहिताना आणखी एक जागा निसरडी असते. बाहेरचे फंक्शन राउटची फाइल वाचली जाते त्याच क्षणी चालते आणि आतले नेव्हिगेशनच्या वेळी. ‘इंजेक्ट’ चुकून बाहेरच्या कंसात गेला तर तेथे इंजेक्टर नसतोच. क्लास गार्डला हे दोन्ही त्रास सहसा होत नाहीत, कारण कन्स्ट्रक्टरमध्ये सर्व्हिस आधीच हाती आलेल्या असतात.

तरीही मला हा त्रास सुसह्य वाटतो. एनजी०२०३ चे कारण बहुधा त्याच फंक्शनमध्ये, डोळ्यांसमोर असते, आणि सर्व ‘इंजेक्ट’ फंक्शनच्या आरंभी एकत्र लिहिण्याची शिस्त पाळली की तो क्वचितच भेटतो. क्लास गार्डची चूक मात्र अनेकदा भलत्याच फाइलमध्ये दडलेली असते.

चाचण्यांच्या बाबतीत क्लासचे पारडे थोडे जड आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. कन्स्ट्रक्टरला बनावट सर्व्हिस देऊन क्लास गार्ड थेट तपासता येतो. फंक्शनसाठी टेस्टबेड या अँग्युलरच्या चाचणी-साधनातील ‘रनइनइंजेक्शनकॉन्टेक्स्ट’ची मदत घ्यावी लागते. ज्यांच्याकडे अशा चाचण्यांचा मोठा साठा आहे, त्यांना हा मुद्दा निर्णायक वाटला तर त्यात वावगे काही नाही.

कंपोनंटच्या (पानावरील दृश्य भागाच्या) प्रोव्हायडर्समध्ये ठेवलेली सर्व्हिस मात्र दोन्ही प्रकारच्या गार्डना मिळत नाही, कारण प्रवेश तपासणारा गार्ड चालतो तेव्हा त्या पानाचा कंपोनंट जन्मालाच आलेला नसतो. तसेच, लेझी विभागाच्या दारावर लावलेल्या गार्डला त्या विभागाच्या आतील मॉड्यूलमधील सर्व्हिस कोणत्याही रूपात दिसत नाही. ती दाराच्या राउटवर तरी नोंदवावी किंवा वर न्यावी. केवळ यासाठी कोणी गार्डचे रूप बदलू पाहत असेल, तर श्रम वाया जातील.

मधला मार्ग म्हणून ‘मॅपटूकॅनअ‍ॅक्टिव्हेट’ (क्लास गार्डला फंक्शनचे रूप देणारे साहाय्यक फंक्शन) सुचवला जातो. संक्रमणापुरता तो ठीक आहे, पण त्यातही क्लास इंजेक्टरकडूनच मागवला जातो, त्यामुळे वर सांगितलेली दोन प्रतींची शक्यता तशीच राहते. माझ्या मते मुळाशी नोंदलेल्या सर्व्हिसवरच विसंबणारे साधे लॉगिन गार्ड सध्या क्लास राहिले तरी चालेल. ज्या गार्डना लेझी विभागातील सर्व्हिस लागते, ते मात्र आधी फंक्शनमध्ये न्यावेत, आणि नेताना त्या सर्व्हिसची नोंद एकाच ठिकाणी आहे ना, हे पाहून घ्यावे.